तेलाने तोंडातली बुरशी जाते का? लॅबच्या प्लेटपासून खऱ्या तोंडापर्यंत

कँडिडा, म्हणजे तोंडात होते ती बुरशी, मारणं तसं काही फार मोठं काम नाही. ब्लीचने मरते, उकळत्या पाण्याने मरते, स्पिरिटने मरते, आणि हो, लवंगेच्या तेलानेही मरते. खरी पंचाईत होते ती माणसाच्या तोंडात मारताना, कारण तिथे लाळ सारखी वाहत असते, गालाच्या आतली कातडी नाजूक असते आणि तोंडात टाकलेलं काहीही थोडंफार पोटात जाणारच. "अमुक तेलाने तोंडातली बुरशी मरते असं संशोधनात सिद्ध झालंय" हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल, आणि गंमत म्हणजे ते बऱ्याचदा खोटंही नसतं, फक्त कुठे मरते, किती तेलात मरते आणि किती वेळात मरते हे कोणी सांगत नाही. तेच जरा निवांत बघू.

आधी ही कँडिडा कोण ते. यीस्ट प्रकारातली बुरशी, पूर्ण नाव कँडिडा अल्बिकन्स, आणि साधारण निम्म्या धडधाकट माणसांच्या तोंडात ती काही त्रास न देता गुपचूप राहत असते. म्हणजे बऱ्याचदा ती बाहेरून येऊन लागत नाही, आधीपासून तोंडातच असते आणि शरीराचा पहारा ढिला पडला की हातपाय पसरते. पहारा ढिला पडायची कारणं ठरलेली आहेत: तान्हं वय किंवा म्हातारपण, आटोक्यात नसलेली शुगर, दम्यासाठी घेतलेला स्टिरॉइडचा इनहेलर, अँटिबायोटिकचा लांबलेला कोर्स, केमो, डोकं-मानेला दिलेलं रेडिएशन, एचआयव्ही, कोरडं पडलेलं तोंड, आणि रात्रंदिवस तोंडातच बसलेली कवळी.

दिसायला ती एकाच प्रकारची नसते. सगळ्यांना माहीत असलेला प्रकार म्हणजे जिभेवर, गालाच्या आत, टाळूवर पांढरे चट्टे, जे पुसले की निघतात आणि खाली लालभडक कातडी दिसते, कधी थोडं रक्तही येतं. दुसरा प्रकार नुसता लाल, जळजळणारा, पांढरं काहीच नाही, त्यामुळे तो पटकन ओळखू येत नाही. कवळीच्या खाली टाळू लाल होते तीही बऱ्याचदा हीच, आणि ओठांचे कोपरे चिरतात त्यातही हिचा हात असतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पांढरा चट्टा पुसून निघतच नसेल तर तो वेगळ्याच कशाचा असू शकतो, अगदी कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेचासुद्धा, त्यामुळे तिथे कुठल्याही तेलाचा प्रयोग न करता आधी डेंटिस्टला दाखवायचं.

ही बुरशी चिवट का आहे याला दोन कारणं. पहिलं म्हणजे ती रूप बदलते. एरवी गोल गोल पेशी असतात, पण परिस्थिती जमली की त्यांना लांब धागे फुटतात आणि ते धागे कातडीत घुसतात. हे धागे कँडिडालायसिन नावाचं एक विष सोडतात जे आपल्या पेशींना भोकं पाडतं, आणि हे विष सापडलं ते आत्ता आत्ता, २०१६ मध्ये. दुसरं कारण बायोफिल्म. नदीतल्या दगडावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो ना, तसाच थर ही कवळीवर आणि कातडीवर चढवते, गोल पेशी, धागे आणि त्यांनीच बनवलेला चिकट गिलावा, सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्या थराच्या आत बसलेल्या पेशींना मारायला सुट्या तरंगणाऱ्या पेशींपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागतं.

मग औषधं नाहीत का? आहेत की, आणि चांगली आहेत. निस्टॅटिन आहे, क्लोट्रिमॅझोल आहे, मायकोनॅझोलचं जेल आहे, फ्लुकोनॅझोलची गोळी आहे, आणि बहुतेक पेशंट यांनीच बरे होतात. पण बुरशीची औषधं शोधणं हे बॅक्टेरियाच्या औषधांपेक्षा किचकट, कारण बुरशीची पेशी आणि आपली पेशी आतून बऱ्यापैकी सारख्या असतात, म्हणजे तिला मारायला जावं तर आपल्यालाही लागतं. फरक पकडायला एक मोठी जागा आहे ती म्हणजे पेशीचं आवरण. आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. निस्टॅटिन या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि आवरण फाडतं, फ्लुकोनॅझोल ते एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. तोंडाच्या या औषधांची सगळी मदार या एकाच फरकावर असल्यामुळे तिथे बुरशीने पळवाट काढली की आपल्याकडे पर्याय फार उरत नाहीत. फ्लुकोनॅझोलला दाद न देणाऱ्या कँडिडा वाढतायत, कँडिडा क्रुसाय नावाच्या जातीवर तर ते मुळातच चालत नाही, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली त्यात सगळ्यात वरच्या गटातल्या चार बुरशींमध्ये आपली ही रोजची कँडिडा अल्बिकन्सही आहे. शिवाय औषधांचे आपापले त्रास आहेत. मायकोनॅझोलचं जेल साधं दिसतं, पण रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने ते लावलं तर वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

तेलांवर संशोधन होतंय त्याचं खरं कारण हे आहे. "केमिकल नको, नैसर्गिक हवं" हे कारण मला तरी पटत नाही, कारण निस्टॅटिन स्वतःच मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी ते शोधलं आणि १९५० मध्ये जाहीर केलं, एक न्यूयॉर्कमध्ये, दुसरी ऑल्बनीत, आणि मातीचे नमुने नि अर्क चक्क पोस्टाने इकडून तिकडे जायचे. न्यूयॉर्क स्टेट यावरून निस्टॅटिन. आता हे नैसर्गिक म्हणायचं की केमिकल, तुम्हीच ठरवा. बुरशीला त्याने काही फरक पडत नाही.

बरं, तेलं म्हणजे कुठली? इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो त्यामुळे घोळ होतो. खोबरेल, तीळ, ऑलिव्ह ही स्निग्ध तेलं, फॅटी अ‍ॅसिडची बनलेली, उडून जात नाहीत. लवंग, दालचिनी, गवती चहा, पुदिना, निलगिरी, टी ट्री (ऑस्ट्रेलियातलं एक झाड), थाइम, ओरेगॅनो (या दोन ओव्यासारख्या वासाच्या परदेशी वनस्पती) यांची तेलं म्हणजे सुगंधी तेलं, वाफेवर काढलेली, हवेत उडून जाणारी, छोट्या छोट्या रेणूंची, आणि प्रचंड तीव्र. बुरशीवरचं बहुतेक काम या दुसऱ्या प्रकारावर झालंय. प्रत्येकात एक-दोन रेणू मुख्य असतात: लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल, ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल, टी ट्रीमध्ये टर्पिनेन-४-ऑल, आणि थाइममध्ये थायमॉल, म्हणजे ज्याला ओव्याचं फूल म्हणतात तेच. हे रेणू पाण्यापेक्षा तेलात रमणारे, त्यामुळे बुरशीच्या स्निग्ध आवरणात शिरतात, आवरण ढिलं करतात, आतले क्षार बाहेर गळायला लागतात आणि पेशी मरते. धागे फुटणंही बऱ्याचदा कमी प्रमाणातच थांबतं, आणि मला यातली सगळ्यात आशेची गोष्ट हीच वाटते, कारण बुरशी मेली नाही तरी धागे नसले तर ती कातडीत घुसत नाही. पण आवरणात शिरणारी गोष्ट आपल्याही पेशीच्या आवरणात शिरते. निस्टॅटिनला निदान एर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉलमधला फरक कळतो, तेलाला तेवढंही कळत नाही.

आता टेस्ट. पहिलं काम म्हणजे बाटलीत नेमकं काय आहे ते बघणं, आणि हे न करता केलेला अभ्यास मी तरी सरळ बाजूला ठेवतो. थाइमचंच घ्या, झाड तेच, पण एका झाडाच्या तेलात थायमॉल भरपूर, दुसऱ्यात कार्व्हाक्रॉल, तिसऱ्यात लिनालूल, आणि बुरशीवरचा परिणाम तिघांचा वेगळा. म्हणून तेल गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मशीनमधून काढतात, त्यात एकेक रेणू वेगळा होऊन किती टक्के आहे ते कळतं. टी ट्रीसाठी तर आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच आहे, कुठला घटक किती ते किती टक्क्यांमध्ये हवा याचं. "आम्ही थाइमचं तेल वापरलं" एवढंच लिहिलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही.

मग सगळ्यात सोपी टेस्ट, डिस्कची. प्लेटमध्ये आगर नावाची जेली, तिच्यावर कँडिडा पसरायची, मधे तेलात भिजवलेली कागदाची छोटी चकती ठेवायची, दुसऱ्या दिवशी चकतीभोवती बुरशी न उगवलेलं स्वच्छ गोल रिंगण दिसतं. फोटो झकास येतो, आणि इंटरनेटवर फिरतात ते फोटो हेच. पण आगर म्हणजे जवळजवळ पाणीच, आणि तेल पाण्यात पसरत नाही. त्यामुळे एखादं जालीम पण घट्ट तेल छोटं रिंगण दाखवतं आणि एखादं साधं पण पटकन उडणारं तेल प्लेटच्या झाकणाखाली वाफ करून मोठ्ठं रिंगण दाखवतं. रिंगण मोजून तेलांची शर्यत लावणं म्हणजे निव्वळ फसवणूक नसली तरी फारसं शहाणपणाचंही नाही.

त्यापेक्षा खरी टेस्ट म्हणजे ९६ खड्ड्यांची प्लेट. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, ८ आडव्या ओळी, १२ उभ्या रांगा, प्रत्येक खड्ड्यात जेमतेम ०.२ मिली द्रव. पहिल्या खड्ड्यात समजा ४ टक्के तेल, पुढच्यात त्याच्या निम्मं २, मग १, मग ०.५, मग ०.२५, असं अर्ध्या अर्ध्याने कमी करत जायचं, आणि प्रत्येकात मोजून तेवढीच बुरशी घालायची. प्रमाणित पद्धतीत ही बुरशी फार थोडी असते, एका मिलीला साधारण ५०० ते २५०० पेशी, म्हणजे एका खड्ड्यात शंभर ते पाचशे. मग ३५ अंशाला २४ तास ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरून बघायची: बुरशी वाढली असेल तिथे पाणी गढूळ, नाही तिथे स्वच्छ. ज्या सगळ्यात कमी प्रमाणात खड्डा स्वच्छ राहिला तो आकडा म्हणजे एमआयसी. आणि स्वच्छ म्हणजे मेलेलीच असं नाही, नुसती थांबलेलीही असू शकते, म्हणून त्या खड्ड्यातला थेंब नवीन प्लेटवर टाकून परत उगवते का तेही बघावं लागतं.

ऐकायला सरळ आहे पण तेलाने यात नुसता वैताग येतो. तेल त्या पाणीदार द्रवात मिसळत नाही, वर तवंग येतो, म्हणजे बुरशी खाली आणि औषध वर. म्हणून ट्वीन-८० सारखा मिसळवणारा पदार्थ किंवा डीएमएसओ नावाचा सॉल्व्हंट घालतात, आणि मग प्रश्न येतो की बुरशी तेलाने थांबली की त्या पदार्थाने? त्यामुळे तेल न घालता नुसतं ट्वीन किंवा डीएमएसओ घातलेले खड्डे शेजारी ठेवलेच पाहिजेत. दुसरी भानगड वाफेची. तेल उडून शेजारच्या खड्ड्यात जातं, आणि ज्या खड्ड्यात तेल घातलेलंच नाही तिथलीही बुरशी वाढत नाही. नवखा माणूस खूश होतो की वा, किती कमी तेलात काम झालं. म्हणून प्लेटला चिकट फिल्म लावून बंद करतात, किंवा एका तेलाच्या शेजारी दुसरं तेल येणार नाही अशी मांडणी करतात. या दोन गोष्टी एका लॅबने पाळल्या आणि दुसरीने नाही पाळल्या की एकाच तेलाचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे येतात, आणि तसं सर्रास होतं.

आता आकड्यांकडे बघा. टी ट्रीची कँडिडावरची एमआयसी साधारण ०.२५ ते ०.५ टक्क्याच्या आसपास येते. पाव टक्का म्हटल्यावर किती कमी वाटतं! पण पाव टक्का म्हणजे एका मिलीत अडीच मायक्रोलिटर तेल, वजनात साधारण २२०० मायक्रोग्रॅम. फ्लुकोनॅझोलने अल्बिकन्स आटोक्यात येते असं म्हणायला एमआयसी २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी लागते. म्हणजे हजार पटीचा फरक. दालचिनी, ओरेगॅनो, थाइम, लवंग यांचे आकडे टी ट्रीपेक्षा बऱ्याचदा चांगले येतात, पण तेही शेकड्यांत असतात, दोन-चारात नाही.

यावरून तेल अगदीच कुचकामी ठरत नाही हेही सांगायला हवं. गोळी पोटातून रक्तात जाते त्यामुळे तिचं प्रमाण फार वाढवता येत नाही, तेल थेट जागेवर लावायचं असतं म्हणून १-२ टक्के तेलाचं जेल किंवा माउथवॉश बनवणं शक्य असतं. खरी अडचण वेळेची आहे. लॅबमध्ये बुरशी २४ तास तेलात बुडून बसलेली असते. तोंडात तुम्ही चूळ भरता अर्धा मिनिट, एक मिनिट, फार तर दोन, मग थुंकता, आणि लगेच लाळ उरलंसुरलं धुऊन न्यायला लागते, दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपण गिळतो. लाळेतली प्रोटीन्स तेलाच्या रेणूंना पकडून ठेवतात ते वेगळंच. फ्लुकोनॅझोलचं याच्या बरोबर उलट, गोळी घेतली की औषध रक्तातून लाळेत उतरतं, जवळजवळ रक्ताइतक्याच प्रमाणात, आणि ते शरीरातून निम्मं व्हायलाच तीसेक तास लागतात, म्हणजे जी लाळ तेलाला धुऊन नेते तीच लाळ गोळीचं औषध दिवसभर बुरशीवर ओतत असते. त्यामुळे तेलाचा चांगला अभ्यास करणारे लोक २४ तासांच्या एमआयसीवर थांबत नाहीत, एक मिनिट, पाच मिनिटं, अर्ध्या तासात किती पेशी मेल्या ते मोजतात, आणि लाळ घालून मोजतात. असे आकडे दिलेले दिसले की मी तो अभ्यास मन लावून वाचतो.

पुढची पायरी बायोफिल्म. कवळी ज्याची बनते त्या अ‍ॅक्रिलिकच्या छोट्या चकत्या घ्यायच्या, त्यावर लाळेचा थर द्यायचा, कँडिडाला एक-दोन दिवस मुरू द्यायचं, आणि मग तेल. जिवंत पेशी उरल्यात का हे बघायला एक्सटीटी नावाचा रंग घालतात, जिवंत पेशी त्याला नारिंगी करतात, मेलेल्या काही करत नाहीत. इथे एमआयसीचे आकडे अनेक पटींनी वाढतात आणि प्लेटमध्ये पहिली आलेली बरीच तेलं इथे गळतात.

काही जण तेल एकटं न वापरता जुन्या औषधाबरोबर जोडी लावून बघतात. एका दिशेने तेल वाढवत न्यायचं, दुसऱ्या दिशेने फ्लुकोनॅझोल, बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, आणि दोघं मिळून कमी प्रमाणात काम करतात का ते बघायचं. त्याचा एक निर्देशांक काढतात, तो ०.५ किंवा कमी आला तर जोडी खरंच जमली, ४ च्या वर गेला तर एकमेकांच्या तंगड्यात तंगड्या. मला विचाराल तर तेलांचं भविष्य एकट्याने लढण्यात कमी आणि या जोडीत जास्त आहे, कारण तेलाने आवरण ढिलं केलं की औषध आत शिरायला सोपं जातं.

आणि मग तो प्रश्न जो फॉरवर्डमध्ये कधीच नसतो: बुरशी मेली ते ठीक, आपल्या पेशींचं काय झालं? हिरड्यांतून काढलेल्या माणसाच्या पेशी लॅबमध्ये वाढवतात, त्यावर तेच तेल त्याच प्रमाणात घालतात, आणि बघतात किती जगल्या. बुरशी मारायला ०.५ टक्के लागतं आणि हिरडीच्या पेशी ०.१ टक्क्यालाच मरतायत असं निघालं तर ते तेल औषध म्हणून संपलं, कितीही नैसर्गिक असलं तरी. सिनॅमाल्डिहाइडचं बऱ्याचदा हेच होतं, बुरशीवर जबरदस्त पण कातडीला झोंबणारं आणि तोंडात अ‍ॅलर्जी आणणारं. त्यानंतर कधी मेणकिड्याच्या अळ्यांवर, कधी उंदरांवर प्रयोग होतात, आणि मग कुठे माणसाचा नंबर लागतो. बहुसंख्य तेलं इथवर पोचतच नाहीत.

माणसांवरचे अभ्यास आहेत, पण मोजके आणि लहान. १९९८ मध्ये अमेरिकेत एड्सच्या अशा पेशंटवर टी ट्रीचं द्रावण वापरून बघितलं ज्यांच्यावर फ्लुकोनॅझोल चालेनासं झालं होतं. दिवसातून चार वेळा चूळ भरून थुंकायचं. १३ जण घेतले, १२ जणांचा हिशोब लागला, चार आठवड्यांनी ८ जणांना फरक पडला, त्यातले पूर्ण बरे झालेले २. ज्यांच्यावर औषध चालत नाही अशांमध्ये हे वाईट नाही, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे तेलाचं श्रेय नेमकं किती ते सांगता येत नाही. इराणमध्ये कवळीखाली बुरशी झालेल्या २४ जणांवर झटारिया नावाच्या, थाइमच्या जवळच्या झाडाचं जेल आणि मायकोनॅझोलचं जेल यांची तुलना झाली. टाळूची लाली झटारियाने जास्त कमी झाली, पण कवळीवरची बुरशी मायकोनॅझोलनेच जास्त हटली. हा निकाल मला फार बोलका वाटतो, पेशंटला बरं वाटतंय पण बुरशीचा अड्डा कवळीवर तसाच आहे, म्हणजे थोड्या दिवसांनी परत येणार. दक्षिण आफ्रिकेत २००९ मध्ये एचआयव्हीच्या ९० पेशंटवर लिंबाचा रस, गवती चहा आणि जेन्शन व्हायोलेट नावाचं जुनं जांभळं औषध यांची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात पहिले दोन सरस ठरले. पण गवती चहा म्हणजे त्याचा काढा, तेल नव्हे, आणि या दोघांची सरमिसळ करून "गवती चहाचं तेल सिद्ध झालंय" असं बिनधास्त लिहिलं जातं.

अशा अभ्यासांमध्ये एक अडचण अशी की जिच्यावर पैशानेही सहज मात करता येत नाही. चांगल्या ट्रायलमध्ये पेशंटला आणि डॉक्टरला दोघांनाही कळता कामा नये की कोण खरं औषध घेतंय. जेन्शन व्हायोलेटने तोंड जांभळं होतं. टी ट्रीचा वास खोलीभर पसरतो. लवंगेने जीभ बधिर होते. लपवणार कसं? आणि कळलं की पेशंटही "बरं वाटतंय" जरा जास्तच सांगतो आणि तपासणाराही लाली जरा कमीच मोजतो, कोणाचाही वाईट हेतू नसताना. शिवाय कवळीच्या अभ्यासात सगळ्यांना सांगितलं जातं की रात्री कवळी काढा, ब्रशने घासा, आणि तेवढ्यानेच निम्मं काम होतं, मग ते तेलाच्या खात्यावर जमा होतं.

खोबरेल तेलाचं विचारणारे बरेच असतात म्हणून तेही सांगून टाकतो. कॅप्रिक आणि लॉरिक अ‍ॅसिड लॅबमध्ये कँडिडाला खरंच मारतात, आणि खोबरेलात लॉरिक जवळपास निम्मं असतं. पण तेलात ते सुटं नसतं, ग्लिसरॉलला बांधलेलं असतं, आणि लॅबमध्ये तपासलं ते सुटं. तेल तोंडात घोळवून ते सगळं सुटं होत नाही. घोळवल्याने मोठ्या माणसाला फारसं नुकसान नाही, पण लहान मुलांच्या आणि नीट गिळता न येणाऱ्या माणसांच्या तोंडात हा प्रयोग अजिबात नको, तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते आणि ते फार वाईट दुखणं आहे.

सुगंधी तेलांचा धोका याहून मोठा. कच्चं लवंग तेल हिरडीला लावून कातडी भाजून घेतलेले लोक डेंटिस्टला नवीन नाहीत. टी ट्री पोटात गेलं तर गुंगी, तोल जाणं, लहान मुलं बेशुद्धही पडू शकतात. लवंगेचं तेल लहान मुलाने काही मिली जरी पिलं तरी लिव्हर निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतं, निलगिरी आणि कापूर यांनी झटके येतात. "ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाका" या सल्ल्यात अजून एक गोम आहे, ते थेंब पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात, आणि पहिल्या घोटात तुम्ही कच्चं तेलच तोंडात घेता. वर्षभर उघडझाप केलेली बाटली तर अजून वाईट, हवा आणि उजेड लागून टी ट्रीमध्ये जे पेरॉक्साइड तयार होतात ते ताज्या तेलापेक्षा जास्त अ‍ॅलर्जी देतात.

पण लिस्टरीनमध्ये पण तेलंच असतात की, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, १८७९ पासूनची गोष्ट आहे ती, थायमॉल, मेंथॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. पण चारही मिळून पाव टक्क्याच्या आसपास, मोजून घातलेले, आणि मूळ प्रकारात ते विरघळून राहावेत म्हणून २० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल. ते आहे दातांवरचा किटण आणि हिरड्यांची सूज कमी करायला. ज्याचं तोंड आधीच कोरडं आणि सोललेलं आहे त्याने ते वापरलं तर आगडोंब होईल.

मग आज तोंडात बुरशी झालेल्या माणसाने काय करायचं? नेहमीचं औषध पूर्ण दिवस घ्यायचं, इनहेलर घेतल्यावर दर वेळी चूळ भरून थुंकायचं, शुगर बघायची, कवळी रात्री काढून घासून ठेवायची. सारखी सारखी होत असेल तर कारण शोधायला तपासण्या करून घ्यायच्या. गिळताना दुखत असेल तर थांबायचंच नाही, बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते आणि तिथे कुठलीही चूळ पोचत नाही.

तेलांची खरी जागा मला कवळीच्या कामात दिसते. सैल झालेल्या, टाळूला टोचणाऱ्या कवळीला आतून मऊ अस्तर लावतात, टिश्यू कंडिशनर म्हणतात त्याला, आणि त्या अस्तरातच कँडिडा घर करते. चिलीत २००८ मध्ये २७ पेशंटवर या अस्तरात टी ट्री मिसळून बघितलं, एका गटात निस्टॅटिन मिसळलं, एकात काहीच नाही, आणि टी ट्रीवाल्यांची टाळू नुसत्या अस्तरापेक्षा चांगली सुधारली. यात वेळेचं कोडं बऱ्यापैकी सुटतं, कारण तेल थुंकून जात नाही, बुरशीच्या अड्ड्यावरच तासन् तास हळूहळू सुटत राहतं, आणि पोटातही कमी जातं. पण मग वेगळीच परीक्षा सुरू होते: अस्तर किती दिवस मऊ राहतं, तेलाने फुगतं का, खरबरीत होतं का, कारण खरबरीत पृष्ठभागावर बुरशी अजूनच छान चिकटते. आणि अस्तर सोडून कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमध्येच तेल मिसळू म्हटलं तर लवंग सरळ बादच होते, कारण युजेनॉल असेल तिथे रेझिन (अ‍ॅक्रिलिक हेही रेझिनच) नीट कडकच होत नाही, जे डेंटिस्टना केव्हापासून माहीत आहे, म्हणून तर रेझिनच्या फिलिंगखाली ते युजेनॉलवालं सिमेंट वापरायचं टाळतात.